आठ पॉइंट सहा की नऊ पॉइंट तीन

"नऊ मोठं की आठ?" हिंदुराव कदमांनी विचारलं.

ऋतुजा सपकाळने डोळे मिटून मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. चेअरमनसाहेबांनी हा प्रश्न मागच्या सोमवारी विचारला होता, त्याच्या मागच्या सोमवारीही विचारला होता, आणि दर वेळी असाच टेबलावर पेन आपटून, जणू आता ही पोरगी बरोब्बर कोंडीत सापडली.

"नऊ मोठं, काका. पण..."

"झालं तर. मोठं तेच बसवायचं."

"काका, हा काय क्रिकेटचा स्कोर आहे का?"

"स्कोर तरी मोठा करतो तोच जिंकतो ना," हिंदुराव म्हणाले, आणि अख्खी समिती खो खो हसली. पाच जणांची समिती, पण हसताना पन्नास जणांची वाटायची.

ही समिती होती भांबरखोरे इंटरनेट सहकारी संस्थेची. साल २०४४, महिना डिसेंबर. कोयनेच्या पाण्यापलीकडे, जिथे रस्ता अजूनही डोंगराला वळसे घालता घालता दमून जातो आणि माणसं लाँचने ये-जा करतात, तिथल्या चौदा वाड्यांना ही संस्था इंटरनेट पुरवायची. वाडीगणिक एक राउटर. लोक त्याला डबा म्हणायचे. चौदा वाड्यांचे चौदा डबे, पंधरावा पलीकडे रस्त्याच्या काठावरच्या टॉवरवर, आणि या पंधरा डब्यांना सांभाळणारी एकटी ऋतुजा. नेमणूकपत्रावर 'तांत्रिक व्यवस्थापक' असं झोकात लिहिलेलं होतं. म्हणजे टॉवरवर चढायचं तिनेच, शिव्या खायच्या तिनेच आणि बैठकीला चहा कमी पडला तर दूध आणायचंही तिनेच.

डब्याच्या आत सॉफ्टवेअर असतं आणि त्याची व्हर्जनं निघत राहतात. खोऱ्यात चालू होतं ८.४. त्याची दुरुस्ती कंपनी एकतीस डिसेंबरला थांबवणार होती. त्यानंतर एखादं भोक सापडलं तर कुणीही चोर त्यातून आत शिरला असता. थोडक्यात, ८.४ सोडायचं हे नक्की. प्रश्न होता, जायचं कुठे.

एक रस्ता ८.६. त्याच जुन्या घराण्यातलं, पाच वर्षं दुरुस्तीची हमी, आणि नवीन म्हणावं असं त्यात काहीही नाही. रोजच्या वरणभातासारखं. दुसरा रस्ता ९.३. चकचकीत, पाच तारे मिळवलेलं आणि 'सलग' नावाची जादू असलेलं. या ताऱ्यांचीही एक गंमत होती. किती लोकांनी ते व्हर्जन बसवलं त्यावर तारे मिळायचे, आणि तारे किती आहेत ते बघून लोक व्हर्जन बसवायचे. ऋतुजाने हे समितीला तीनदा समजावलं होतं. तिन्ही वेळा समिती म्हणाली होती, "म्हणजे पाच तारे आहेत ना?"

"आणि तुझ्याच नियमाने चाललोय आपण," कमलकाकू म्हणाल्या. त्या बचत गटाच्या अध्यक्ष, समितीतल्या एकट्या बाई, आणि कुणाच्याही बाजूने बोलत असल्या तरी आवाज तक्रारीचाच. "नवीन आलं की आधी आपल्या वरच्या आळीत महिनाभर चालवायचं, हा नियम तुझाच न्हवं? चालवलं. महिना झाला. आता वहीत बघ."

वही म्हणजे तक्रारवही. संस्थेच्या दाराशी खिळ्याला टांगलेली. ८.४ च्या काळात तिची पानं पुरायची नाहीत; 'फोन कट होतो', 'जावयाशी बोलताना आवाज गेला, जावई रागावले', असलं काय काय. ९.३ आलं आणि वरच्या आळीतल्या नऊ घरांतून, ज्यात ऋतुजाचंही घर आलं, महिनाभरात एक ओळ नाही. पान कोरं.

"कोरं पान," हिंदुरावांनी वही उंच धरून सगळ्यांना दाखवली. "अजून काय पुरावा पाहिजे? गुरुवारी लाइट जाणार आहे. बसवून टाक."

गुरुवार हा खोऱ्यात वीज कंपनीच्या देखभालीचा वार. दहा ते चार लाइट नाही, त्यामुळे इंटरनेट बंद राहिलं तरी कुणी ओरडत नाही. डब्यांची सगळी मोठी कामं ऋतुजा तेव्हाच उरकायची, बॅटरीवर.

"कंपनीने ९.३ सोबत दिलेल्या नोंदी त्रेसष्ट पानांच्या आहेत, माझी एकेचाळीस वाचून झालीत," ती म्हणाली. "बाकीची वाचल्याशिवाय मी सही करणार नाही."

"कंपनीने लिहिलेलं कुणी वाचतं का?" हिंदुरावांना मनापासून नवल वाटलं.

खरं सांगायचं तर ऋतुजाही ९.३ कडेच झुकली होती. कारण घरात होतं, आरामखुर्चीत बसून आजकाल चक्क गाणं गुणगुणत होतं. तिचे वडील, अण्णा.

अण्णांनी चाळीस वर्षं लाँच चालवली. बोलणं कमी, आवाज मोठा, इंजिनाच्या वर ऐकू जावा एवढा. ऋतुजाची आई गेल्यावर वर्षश्राद्धाला थोरला सुजय चेन्नईहून आला नाही. कामातून निघता येत नाही म्हणाला. अण्णा म्हणाले, "मग येऊच नको." सुजय खरंच आला नाही. तीन वर्षं झाली. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा, कर्तव्य म्हणून. "जेवलात?" "अजून न्हाय." "तब्येत?" "हाय." दोन मिनिटांत फोन खाली. ऋतुजा मध्ये बसून दोघांच्याही डोक्यात काहीतरी घालावं अशा विचारात असायची. काहीतरी म्हणजे वरवंटा.

आणि गेला महिनाभर तेच फोन पंधरा-पंधरा मिनिटं चालत होते. अण्णा हसत होते. काल तर फोन ठेवल्यावर त्यांनी भिंतीकडे बघून म्हटलं होतं, "चुकलं म्हणाला बघ. पोरगं काय वाईट न्हाय." मग एक भाकरी जास्त खाल्ली होती.

डबा नीट चालला की माणसंही नीट बोलतात, असा ऋतुजाने सरळ हिशोब लावला होता.

त्याच सोमवारी दुपारी, ती टॉवरची बॅटरी तपासायला लाँचने निघालेली असताना, सुजयचा मेसेज आला. 'ऋतू, काल अण्णा स्वतःहून म्हणाले, ये रे बाळा, वाट बघतोय. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी रजेचा अर्ज टाकलाय. रडलो गं मी.'

ऋतुजाने मेसेज तीनदा वाचला. काल दहा वाजता ती त्याच खोलीत, अण्णांपासून चार हातांवर लसूण सोलत बसली होती. अण्णा गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलले होते. शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलले होते. 'असू दे' असं एकदा म्हणाले होते. 'ये रे बाळा' म्हणाले नव्हते. अण्णांनी आयुष्यात कुणाला बाळा म्हटलं असेल तर ते लाँचच्या इंजिनाला, तेही थंडीत सुरू होत नसताना.

टॉवरच्या पायथ्याशी सावलीत बसून तिने लॅपटॉप उघडला आणि राहिलेली बावीस पानं वाचायला घेतली.

आता 'सलग' म्हणजे काय, ते एकदा नीट बघायलाच हवं. फोनवरचा आवाज नळाच्या पाण्यासारखा एकसंध वाहत नाही. त्याचे तुकडे पाडतात, सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि पत्ता चिकटवून त्याचं पॅकेट करतात, आणि ही पॅकेटं रेडिओच्या झोतावर बसून पाण्यावरून सात किलोमीटर जातात. पण पाणी म्हणजे आडवा पडलेला आरसा. झोताचा एक हिस्सा सरळ पोचतो, दुसरा पाण्यावर आपटून किंचित उशिरा पोचतो, आणि दोघांचे चढउतार जुळले नाहीत तर ते एकमेकांना पुसून टाकतात. त्यात थंडीच्या सकाळी पाण्यावर गार हवेचा थर बसतो आणि वर उबदार हवा असते; या थरांतून जाताना झोत वाकतो आणि टॉवरला चुकवून भलतीकडेच जातो. परिणाम एकच. पॅकेटं हरवतात, आणि माणसं 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' करत अंगणात पळतात.

एखाद-दुसरं पॅकेट हरवलं तर आधीच्या आवाजावरून अंदाज करून ती फट बुजवायची, ही युक्ती जुनीच. एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात कुणी काय खोटं बोलणार? ९.० ने ती फट एका सेकंदाची केली. ९.३ ने चाळीस सेकंदांची. डब्यातली चिप बोलणाऱ्याचा आवाज, त्याचं खोकणं, त्याचा श्वास, सगळं शिकून घ्यायची, आणि खरा आवाज गायब झाला की त्याच्या जागी स्वतः बोलत राहायची. खरा आवाज परत आला की त्याला जरासा वेग देऊन टाका दिसणार नाही असं शिवून टाकायची. ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

पण चाळीस सेकंद बोलायचं काय? ते पान सत्तावन्नवर होतं, 'ज्ञात मर्यादा' या मथळ्याखाली, एवढ्या बारीक अक्षरात की वाचणाऱ्याने कंटाळून उठून जावं म्हणूनच छापलं असावं. 'दीर्घ खंडांत वक्त्याचा आशय बदलू शकतो.' आणि खाली तळटीप: चिपला शिकवताना यशाची खूण एकच धरली आहे, ऐकणाऱ्याने फोन ठेवू नये.

म्हणजे ऐकणारा फोन धरून राहील असं जे काही असेल, ते डबा बोलणार. रागावलेल्या बापाला फोनवर काय धरून ठेवतं? हजारो बापलेकांची बोलणी पचवलेल्या चिपला ते पक्कं ठाऊक होतं.

डबे तीस दिवसांच्या नोंदी ठेवायचे, प्रत्यक्ष किती आणि भरलेलं किती, शब्दांसकट. इतरांच्या नोंदी बघायचा तिला अधिकार नव्हता. घरच्या फोनच्या होत्या. काल रविवार, दहा वाजता. एकूण सतरा मिनिटं. प्रत्यक्ष: पाच मिनिटं दहा सेकंद.

'चुकलं माझं अण्णा, वर्षश्राद्धाला यायला हवं होतं.' भरलेलं, वरच्या आळीच्या डब्याने.

'ये रे बाळा, मी वाट बघतोय.' भरलेलं, टॉवरच्या डब्याने; चाचणीसाठी वरच्या आळीच्या फोनांपुरतं ९.३ तिथेही बसवलेलं होतं.

दोन माणसं, दोन वेगळी संभाषणं, आणि दोघंही खूश. अण्णांचं खरंखुरं 'असू दे', जे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, ते धुक्यात बुडालं होतं. चेन्नईला पोचलंच नव्हतं. आणि त्या क्षणी खरा सुजय तिकडून काय म्हणत होता, ते तर जगातल्या कुठल्याच नोंदीत नव्हतं.

ऋतुजाने लॅपटॉप मिटला. तिला त्या डब्याचा इतका संताप आला की तिने टॉवरच्या लोखंडी पायाला लाथ मारली. टॉवरला काही झालं नाही. तिचा अंगठा सुजला.

मंगळवारी सकाळी तिने अण्णांना सगळं सांगितलं. पॅकेटं, धुकं, चिप, तळटीप. अण्णा भाकरी मोडत शांतपणे ऐकत राहिले.

"म्हंजी त्यो चुकलं म्हणाला न्हाय."

"नाही, अण्णा. कदाचित म्हणालाही असेल. पण तुम्ही ऐकलं ते डब्याने म्हटलेलं."

"आवाज त्याचाच हुता."

"आवाज त्याचा. शब्द डब्याचे."

अण्णांनी ताट बाजूला सरकवलं. "मग राहू दे की."

"काय राहू दे?"

"डबा. राहू दे तसाच. कुणाचं काय बिघडलंय? रविवारी दहा वाजता माझा पोरगा माझ्याशी गोड बोलतो. तीन वर्सांनी. ते तुला खुपलं?"

"अण्णा, तो नाही बोलत..."

"मग बोलवून दाखव त्याला," अण्णांचा आवाज लाँचवर असायचा तेवढा चढला. "आणि ते जमत न्हाय तर जे चाललंय ते तोडू नको. एवढी मोठी इंजिनेर झालीस, कुणाचं काय जोडलंस का आजवर? नुसत्या वायरी."

हे मात्र लागलं. पण रडण्यापेक्षा तिला चीडच जास्त आली. अण्णांची, सुजयची, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीची की दोन जिवंत माणसांना जे तीन वर्षांत सुचलं नाही ते एका डब्याला महिन्याभरात सुचलं.

तिने सुजयला मेसेज केला. मेसेजमध्ये 'सलग' काही भरू शकत नव्हतं, तेवढं एक बरं होतं. सगळं लिहून झाल्यावर तिकडून एकच ओळ आली.

'म्हणजे अण्णा म्हणालेच नाहीत.'

'त्यांनी असू दे म्हटलं होतं, दादा. ते मी ऐकलंय.'

'कशाला असू दे? मी काय बोललो होतो त्यावर?'

आता याचं उत्तर काय लिहायचं? तू जे बोलला नाहीस त्यावर? तिने टाईप केलं, खोडलं, पुन्हा टाईप केलं. तेवढ्यात त्याचाच पुढचा मेसेज आला. 'रजेचा अर्ज मागे घेतो.'

बुधवारी समितीची तातडीची बैठक झाली. ऋतुजाने फळ्यावर आकृती काढली, आरसा काढला, वाकलेला झोत काढला, पान सत्तावन्न मोठ्याने वाचून दाखवलं.

"मग वाईट काय त्यात?" हिंदुराव म्हणाले. "फोन कट होत नाही ना?"

"काका, तो उरलेला फोन डबा बोलतो."

"बोलू दे. आम्ही तरी फोनवर काय वेगळं बोलतो?"

"उपकेंद्रातून सिस्टर तालुक्याच्या डॉक्टरांना पेशंटच्या छातीचे ठोके ऐकवतात. मधले ठोके डब्याने घातले तर?"

"डब्याचे निदान एका लयीत तरी पडतील," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा ते पन्नास जणांचं हसणं.

"ते 'सलग' तेवढं बंद करता येत न्हाय व्हय?" कमलकाकूंनी विचारलं.

"बंद करायचं बटण ९.४ मध्ये येणार आहे. ते ९.१ मध्ये येणार होतं. मग ९.२ मध्ये. मग ९.३ मध्ये." ऋतुजाचा आवाज आता चांगलाच तापला होता. "ठीक आहे. वरच्या आळीत तुम्ही दोघं राहता, काका आणि काकू. तुमच्या नोंदी मला बघायच्या नाहीत. ज्याच्या त्याने आपापल्या फोनवर उघडायच्या. पासवर्ड टाका. शेवटचा महिना. 'भरलेलं' असं लिहिलंय त्या ओळी वाचा, आणि मग सांगा, नऊ मोठं की आठ."

खोलीत दोन अंगठे फोनवर सरकू लागले. आधी काहीच झालं नाही. मग हिंदुरावांचा चेहरा कानांपासून लाल होत गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे पण भरलेलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मी बघितलं नाहीये, काका."

"जिल्ह्यावरनं साहेब म्हणाले होते, हिंदुराव, या वेळचं तिकीट तुमचंच." ते थांबले. "मी बॅनर छापलेत."

कुणी हसलं नाही. म्हणजे, सगळ्यांनी खूप प्रयत्न केला.

कमलकाकू मात्र फोनकडे बघत तशाच बसल्या होत्या. "माझी शिल्पा," त्या म्हणाल्या, "परवा मला म्हणाली, आई, दमलीस का गं? बस जरा. मला बाई वाटलं, सासरी जाऊन सुधारली." त्यांनी फोन पालथा ठेवला. "ती तसं कधीच म्हणत न्हाय. मला कळायला पाहिजे होतं. नुसतं भांडती माझ्याशी. पण भांडती ती स्वतः."

"तरी असं करू," हिंदुराव सावरून म्हणाले. "बाकीच्या वाड्यांना नऊ द्या. पाच तारे आहेत. वरच्या आळीला तेवढं आठ."

"चेअरमन," कमलकाकू म्हणाल्या, "तुमचे बॅनर बघायला उद्या मी सगळ्या वाड्यांना बोलवू का?"

ठराव पास झाला. सर्वानुमते, ८.६. हिंदुरावांनी सही करताना एवढंच विचारलं, "पलीकडच्या खोऱ्यात नऊ आहे. ते आपल्याला हसतील ना?"

"हसतील," ऋतुजा म्हणाली. "आणि ते हसणं त्यांचं स्वतःचं आहे की नाही, ते त्यांना कळायचंही नाही."

गुरुवारी दहाला लाइट गेली. चौदा डबे आणि टॉवर, एकामागून एक. जुनं व्हर्जन काढायचं, नवीन चढवायचं, डबा परत जागा होईपर्यंत श्वास रोखून हिरव्या दिव्याची वाट बघायची. वरच्या आळीचा डबा तिने सगळ्यात शेवटी घेतला. तो संस्थेच्या खोलीत नसून तिच्याच घराच्या माळ्यावर होता. शिडी चढताना तिला दिसलं, अण्णा ओसरीवर बसून होते. त्यांनी तिला अडवलं नाही. शिडीही धरली नाही, जी ते नेहमी धरायचे.

"झालं?" ती उतरल्यावर त्यांनी विचारलं.

"झालं."

"बरं." आणि ते उठून पाण्याकडे निघून गेले. शुक्रवार, शनिवार घरात कामापुरतंच बोलणं झालं. शुक्रवारी तक्रारवहीत नऊ तक्रारी आल्या. शनिवारी तेरा. 'पूर्वीचं चांगलं होतं, ते परत आणा,' असं एकाने लाल पेनने लिहिलं होतं.

रविवारी सकाळी पाणी दिसत नव्हतं एवढं धुकं होतं. दहा वाजले. फोन आला नाही. सव्वादहाला आला.

"अण्णा, मी... ...ला होता की... ...नाही?"

"काय? मोठ्यानं बोल."

"...म्हटलं, तुम्ही... ..."

"ऐकू येत न्हाय."

फोन कट. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर नुसती खरखर. अण्णांनी फोन ऋतुजासमोर ठेवला.

"घे. हे तुझं खरं."

तिला म्हणावंसं वाटलं की धुकं मी पाडलेलं नाही, पाणी मी साठवलेलं नाही, आणि तीन वर्षं तोंड बंद ठेवायला तुम्हा दोघांना मी सांगितलं नव्हतं. त्याऐवजी तिने लॅपटॉप उघडला आणि हरवलेल्या पॅकेटांचा आकडा बघत बसली. शंभरातली चाळीस. पस्तीस. एकतीस. बाहेर ऊन चढत होतं. अण्णा दोनदा उठून दारात जाऊन आले. पाण्याकडे बघायला आलोय असं दाखवत होते, पण दोन्ही वेळा फोन हातात होता.

पावणेअकराला आकडा आठवर आला. अकराला शून्यावर. धुकं फाटून समोरचा काठ दिसू लागला.

अकरा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. अण्णांनी तो दुसऱ्या रिंगलाच उचलला.

"अण्णा." आवाज स्वच्छ, जणू माजघरातून आला.

"हं."

"ऋतूनं सांगितलं मला."

"मलाबी सांगितलं."

शांतता. ऋतुजाने स्क्रीनकडे पाहिलं. हरवलेली पॅकेटं शून्य.

"मी ते म्हणालो नव्हतो," सुजय म्हणाला. "चुकलं वगैरे."

"मीबी न्हवतो म्हणालो. बाळा अन् काय काय."

"ते मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"हं."

पुन्हा शांतता. पंधरा सेकंद. तीस सेकंद. पन्नास. ऋतुजा आकड्याकडे टक लावून बसली होती, एखादं तरी पॅकेट हरवलेलं निघावं, ही गप्प बसणारी माणसं नसून बिघाड असावा अशी आशा करत. शून्य. ही सगळी शांतता पलीकडून आणि अलीकडून, अस्सल, घरची होती. तिला वाटलं आता कुणीतरी फोन ठेवणार, आणि मग पुन्हा तीन वर्षं.

अण्णा खाकरले. त्यांनी खुर्चीवर बूड हलवलं, पाय लांब केला आणि तो जिन्नस पहिल्यांदाच दिसावा तसे स्वतःच्या पायाकडे बघत राहिले.

"गुडघा धरतोय आजकाल," ते म्हणाले. "सकाळी उठताना. हितं दुकानात पट्टा मिळतो, पण तो ढिला होतो चार दिवसांत." मग खिडकीबाहेर बघत, कुणालाच उद्देशून नसल्यासारखे, "येताना एक आण चांगला."

तिकडून काही आलं नाही. आकडा शून्यच होता.

मग सुजय म्हणाला, "डावा की उजवा?"